थकव्याचा हिशेब: मिलिग्रॅम आणि मिनिटं

५४.२ टक्के. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या इतक्या बायकांचं हिमोग्लोबिन कमी भरलं. त्याआधीच्या, २०१५-१६ च्या सर्वेक्षणात हे प्रमाण ४८ टक्के होतं. देशाचा आकडा याच काळात ५३.१ वरून ५७ वर गेला आणि गोव्याचा ३१.३ वरून ३९ वर. महाराष्ट्रातल्या त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २१.९ टक्के आहे. एका घरात, एका चुलीवरचं जेवणारी ही माणसं, तरी बायकांमध्ये रक्तपांढरी अडीचपट.

सतत थकवा येण्याची कारणं शोधायची तर सुरुवात इथूनच व्हायला हवी. ‘सारखं गळून गेल्यासारखं होतं’, ‘जिना चढला की धाप लागते’, ‘दुपारी अंगात त्राणच राहत नाही’ ही वाक्यं दवाखान्यात रोज बोलली जातात. घरात त्यावरची उत्तरंही ठरलेली असतात: वय झालं, काळजी फार करतेस, एखादं टॉनिक घे. यातलं कुठलंच उत्तर काही मोजून दिलेलं नसतं. थकवा मात्र बऱ्याच अंशी मोजता येतो. त्याचा एक भाग रक्तात मिलिग्रॅममध्ये सापडतो आणि दुसरा दिवसाच्या मिनिटांमध्ये. दोन्ही हिशेब मांडल्याशिवाय उपाय सांगणं म्हणजे अंदाजपंचे औषध देणं आहे.

आधी सर्वेक्षणाच्या आकड्यावरचा आक्षेप पाहू, कारण तो गंभीर आहे. कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बोटाला टोचून थेंबभर रक्त घेतात आणि छोट्या यंत्रावर हिमोग्लोबिन मोजतात. शिरेतून काढलेल्या रक्ताइतकी ही पद्धत अचूक नाही, आणि तिच्यामुळे आकडा फुगतो असं अनेक तज्ज्ञांचं म्हणणं आहे. २०१६-१८ मध्ये झालेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात मुलांचं रक्त शिरेतून काढून प्रयोगशाळेत तपासलं होतं. तिथे १० ते १९ वयाच्या मुलामुलींत रक्तपांढरीचं प्रमाण २८ टक्के निघालं, म्हणजे नेहमीच्या आकड्यांहून बरंच कमी. पण मुली आणि मुलगे वेगळे केले तर मुलींत ४० टक्के आणि मुलग्यांत १८ टक्के. आक्षेप पूर्ण मान्य केला तरी पाचातल्या दोन मुली उरतातच. पद्धतीच्या वादात हा आकडा दिसेनासा होऊ देणं मला योग्य वाटत नाही.

पाळीचा आणि भाकरीचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या १०० मिलिलिटर रक्तात किमान १२ ग्रॅम आणि पुरुषाच्या रक्तात किमान १३ ग्रॅम हिमोग्लोबिन हवं. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये सुमारे ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मेली की शरीर तिच्यातलं लोह काढून घेतं आणि नव्या पेशीत वापरतं. रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह असं पुन्हा कामाला लागतं. शरीर लोहाच्या बाबतीत फार काटकसरी आहे. घाम, त्वचा, आतड्याचं अस्तर यांतून दिवसाला जेमतेम एक मिलिग्रॅम बाहेर पडतं. पुरुषाचा खर्च इथेच संपतो.

बाईचा इथून सुरू होतो. एका पाळीत सरासरी ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं. ३५ मिलिलिटर धरलं आणि हिमोग्लोबिन १२ असेल, तर त्यात ४.२ ग्रॅम हिमोग्लोबिन आणि सुमारे १४ मिलिग्रॅम लोह गेलं. २८ दिवसांवर वाटलं तर रोजचं अर्धा मिलिग्रॅम जास्तीचं. ८० मिलिलिटरच्या वर गेलं तर डॉक्टर त्याला अतिस्राव म्हणतात. तेव्हा एका पाळीत ३२ मिलिग्रॅमहून अधिक लोह जातं, म्हणजे रोजचं एक मिलिग्रॅमच्या वर. अशा बाईचा लोहाचा खर्च पुरुषाच्या जवळजवळ दुप्पट होतो. ‘अंगावरून जास्त जातं’ ही तक्रार कितीतरी बायका आईचंही तसंच होतं म्हणून वर्षानुवर्षं कुणाला सांगत नाहीत. थकव्याच्या तपासणीत पहिला प्रश्न याच गोष्टीचा असावा: पाळी किती दिवस चालते, गाठी पडतात का, रात्री उठून पॅड बदलावं लागतं का. पाळी नियंत्रणात आणली नाही तर लोहाच्या गोळ्या एका बाजूने भरत राहायच्या आणि दुसऱ्या बाजूने रक्त जात राहायचं, एवढंच होतं.

आता जमेची बाजू. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली ठरवल्याप्रमाणे प्रौढ स्त्रीच्या रोजच्या आहारात २९ मिलिग्रॅम लोह असावं, पुरुषाच्या १९. खर्च दीड-दोन मिलिग्रॅमचा असताना गरज २९ ची का, याचं उत्तर आपल्या ताटात आहे. धान्य, डाळी आणि भाज्या यांतलं लोह शरीर फार थोडं शोषून घेतं, शंभरातले दहा भागही नाही. बाकीचं तसंच बाहेर पडतं.

पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांनुसार १०० ग्रॅम बाजरीत सुमारे ६.४ मिलिग्रॅम लोह असतं, ज्वारीत आणि कणकेत ४ च्या आसपास, पांढऱ्या तांदळात ०.६५. दोन भाकऱ्यांना १२० ग्रॅम बाजरीचं पीठ लागलं असं धरू. साडेसात मिलिग्रॅम झाले. मुठीएवढ्या मटकीची उसळ तीन, वाटीभर पालेभाजी तीन, वरण एक-सव्वा, भात अर्धा. सगळं मिळून १५. हे झालं नीट जेवणाऱ्या बाईचं ताट. पोळी, बटाट्याची भाजी आणि भात एवढ्यावर दिवस काढणारीच्या ताटात आठ-नऊ मिलिग्रॅमच्या वर जमत नाही. शिवाय उसळ सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेल्या रश्शावर तिचं जेवण होत असेल, तर तेवढंही नाही.

याच जागी घरगुती उपायांचेही आकडे पाहायला हवेत. बीटाचा रंग लाल असला तरी १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमहून कमी आहे. गुळाच्या दहा ग्रॅमच्या खड्यात अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतच. गूळ-शेंगदाणे जरूर खावेत, त्याने पोट भरतं आणि चवही लागते. पण रक्तपांढरी झालेल्या बाईला गुळावर ठेवणं म्हणजे तिचे आणखी सहा महिने घालवणं.

बाजरीवर मात्र आपल्याच मातीत झालेला एक प्रयोग सांगण्याजोगा आहे. जास्त लोह असलेली बाजरीची वाणं पारंपरिक निवड पद्धतीने तयार झाली आहेत. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात १२ ते १६ वयाच्या २४६ मुलामुलींना सहा महिने बाजरीची भाकरी आणि शेव दिली गेली. एका गटाला लोहसमृद्ध बाजरीची, दुसऱ्याला साध्या. सुरुवातीला ज्यांच्या शरीरात लोह कमी होतं, त्यांच्यापैकी लोहसमृद्ध भाकरी खाणाऱ्यांची कमतरता दूर होण्याची शक्यता १.६४ पट निघाली. निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. औषधाच्या गोळीशिवाय, रोजच्या भाकरीतून फरक पडू शकतो याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचित मिळतो. पण सहा महिने लागले, हेही लक्षात ठेवायला हवं.

चहाचं काय करायचं

ताटातलं लोह वाढवण्याइतकंच ते अंगी लावणं महत्त्वाचं आहे, आणि इथे खर्च शून्य आहे. १९८३ च्या एका प्रयोगात जेवणासोबत चहा घेतल्यावर लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी आणि कॉफी घेतल्यावर ३९ टक्क्यांनी घटलं. चहातली टॅनिनसारखी द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. २०१७ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांना आढळलं, की जेवणासोबत चहा घेतला तर शोषण ३७ टक्के घटतं आणि तासभर थांबून घेतला तर १८ टक्के. चहा सोडायची गरज नाही. पोहे-उपम्यासोबतचा आणि जेवल्या जेवल्या घेतलेला कप तासभर पुढे ढकलायचा. रक्तवाढीच्या गोळ्या चहाबरोबर किंवा दुधाबरोबर घेण्याची सवय तर आजच मोडावी.

क जीवनसत्त्वाचं काम याच्या उलट. जेवणातच लिंबू पिळलं, कोशिंबीर किंवा आवळ्याची फोड घेतली, वर पेरू खाल्ला, तर त्याच भाकरीतलं लोह दुपटीतिपटीने शोषलं जाऊ शकतं. १०० ग्रॅम पेरूत २०० मिलिग्रॅमच्या आसपास क जीवनसत्त्व असतं, संत्र्याच्या कितीतरी पट. कडधान्यांना मोड आणणं, पीठ आंबवणं यानेही धान्यातला लोह अडवणारा घटक कमी होतो. मटकी भिजवून, मोड आणून मगच उसळ करायची रीत या हिशेबात चोख बसते.

पण हिमोग्लोबिन ८-९ वर उतरलेल्या बाईला आहार पुरत नाही, गोळी लागतेच. केंद्राच्या २०१८ पासूनच्या ‘ॲनिमियामुक्त भारत’ कार्यक्रमात गरोदर बाईला रोज एक लाल गोळी १८० दिवस द्यायची असते. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह आणि फॉलिक ॲसिड असतं. आशाताई गोळ्या घरपोच देतात, तरी पाचव्या सर्वेक्षणात देशभरात १८० दिवस गोळ्या घेतलेल्या आया २६ टक्केच निघाल्या. उरलेल्या बायका निष्काळजी आहेत असं म्हणून चालणार नाही. मळमळतं, पोट बांधतं, शौचाला काळं होतं. याची कुणी कल्पनाच दिलेली नसते. झ्युरिकमध्ये ४० तरुणींवर झालेल्या, २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ६० मिलिग्रॅमची गोळी रोज घेतल्यावर १६.३ टक्के लोह शोषलं गेलं, एक दिवसाआड घेतल्यावर २१.८ टक्के. एक मात्रा घेतली की शरीर दिवसभर लोहाचं दार आवळून घेतं, म्हणून दुसऱ्या दिवशीच्या गोळीतलं लोह कमी शोषलं जातं. गरोदरपणात डॉक्टरांनी सांगितलेला क्रम बदलू नये. एरवी रोजची गोळी सोसत नसेल, तर ती बंद करण्याआधी एक दिवसाआडचा पर्याय डॉक्टरांना विचारावा.

हिमोग्लोबिन १२ च्या वर आहे म्हणून लोहाचा प्रश्न मिटत नाही. शरीरातला साठा फेरिटिन या तपासणीत कळतो आणि हिमोग्लोबिन घसरण्याआधीच तो रिकामा झालेला असू शकतो. फ्रान्समध्ये थकव्याची तक्रार असलेल्या, रक्तपांढरी नसलेल्या पण फेरिटिन ५० च्या खाली असलेल्या १९८ बायकांना १२ आठवडे लोह किंवा दिसायला तशीच पोकळ गोळी दिली गेली. लोह घेणाऱ्यांचा थकवा ४७.७ टक्क्यांनी कमी झाला. पोकळ गोळी घेणाऱ्यांचाही २८.८ टक्क्यांनी! या दुसऱ्या आकड्यासाठी मी हा अभ्यास मुद्दाम सांगते. ‘हे घेतलं आणि आठ दिवसांत तरतरी आली’ असं ज्या ज्या चूर्णाबद्दल, काढ्याबद्दल, पावडरीबद्दल सांगितलं जातं, तिथे हे २८.८ टक्के वजा करून पाहावं.

पुण्याचे ४४१ पुरुष

थकव्याचं कारण नेहमी लोहच असतं असं नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुणे आणि आसपासच्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचं रक्त तपासलं. ६७ टक्क्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होतं. खेड्यातल्या, झोपडवस्तीतल्या आणि शहरी मध्यमवर्गीय अशा तीन गटांत सर्वांत वाईट स्थिती कुणाची? शहरी मध्यमवर्गाची: ८१ टक्के. खाऊनपिऊन सुखी घरांतली ही कमतरता मुख्यतः शाकाहारामुळे आहे. बी-१२ वनस्पतींमध्ये जवळजवळ नसतंच. प्रौढांची रोजची गरज सव्वादोन मायक्रोग्रॅमच्या आसपास आहे, आणि एक पेला दुधातून त्यातलं एक मायक्रोग्रॅमही नीट मिळत नाही. चहातल्या दोन चमचे दुधावर ही गरज भागणं शक्य नाही. हातापायांना मुंग्या, विसरभोळेपणा, जीभ लाल होणं आणि थकवा हे एकत्र दिसले तर बी-१२ तपासून घ्यावं. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण त्या औषधाने बी-१२ चं शोषण कमी होतं. शाकाहार सोडायची गरज नाही, गोळी स्वस्त आहे.

थायरॉइडचा आकडाही मोठा आहे. मुंबई आणि गोव्यासह आठ शहरांतल्या पाच हजारांहून अधिक प्रौढांच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०.९५ टक्क्यांची थायरॉइड ग्रंथी मंदावलेली आढळली. बायकांत जवळजवळ १६ टक्के, पुरुषांत ५. मधुमेहाची देशव्यापी पाहणी २०२३ मध्ये आली. तिच्यात ११.४ टक्के प्रौढांना मधुमेह निघाला, गोव्यात २६.४ टक्के. साखर वाढलेली असताना येणारा थकवा कुठल्याही ऊर्जापेयाने जात नाही, उलट त्यातल्या साखरेने वाढतो.

नंदुरबार, गडचिरोलीसारख्या आदिवासी भागांत आणखी एक शक्यता धरावी लागते. सिकलसेल किंवा थॅलेसेमियाचा वारसा असेल तर हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण लोह कमी असेलच असं नाही. तिथे न तपासता लोह देत राहणं चूक आहे. पुरुषाचं, किंवा पाळी गेलेल्या बाईचं हिमोग्लोबिन कमी निघालं तर नुसती गोळी देऊन थांबू नये. रक्त कुठून तरी जात असू शकतं: मूळव्याध, जठरातला व्रण, क्वचित आतड्याचा कर्करोग. वजन उतरणं, संध्याकाळी ताप येणं, काळी शौच, रात्री घामाघूम होणं यांतलं काही थकव्यासोबत असेल तर घरगुती उपायांत एक आठवडाही घालवू नये.

मिनिटांची वही

आता गोव्यातला एक अभ्यास. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १८ ते ५० वयाच्या २,४९४ बायकांची पाहणी केली. २००५ साली ती ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. १२.१ टक्के बायकांना सहा महिन्यांहून जास्त काळ थकवा होता. या थकव्याचा सर्वांत घट्ट संबंध कशाशी निघाला? खिन्नता आणि चिंता यांच्याशी, आणि नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेसारख्या, बाई म्हणून वाट्याला येणाऱ्या त्रासांशी. हे वाचल्यावर थकलेल्या बाईला फक्त ‘एचबी किती?’ विचारून परत पाठवणं अपुरं वाटू लागतं. झोप लागते का, रडू येतं का, घरात भीती वाटते का, हे प्रश्नही तपासणीचाच भाग आहेत. उत्तर ‘हो’ असेल तर समुपदेशन आणि गरज पडल्यास औषध, हे लोहाच्या गोळीइतकंच साधं आणि आवश्यक आहे.

उरला मिनिटांचा हिशेब. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये देशातली माणसं दिवसाचा वेळ कसा घालवतात हे मोजलं. घरकाम ८१.२ टक्के बायका करत होत्या, त्यांचा रोजचा सरासरी वेळ २९९ मिनिटं. पुरुषांत घरकाम करणारे २६.१ टक्के, आणि जे करतात त्यांचीही ९७ मिनिटं. २०२४ मध्ये हीच पाहणी पुन्हा झाली. बायकांची मिनिटं २८९ वर आली. पुरुषांची ८८ वर. दोघांचाही वेळ थोडा घटला, कदाचित यंत्रांमुळे, कदाचित आणखी कशामुळे. तफावत मात्र २०२ वरून २०१ झाली. पाच वर्षांत एक मिनिट. मुलं, म्हातारी माणसं, आजारी यांची देखभाल यात धरलेली नाही. २०२४ मध्ये १५ ते ५९ वयाच्या, असं काम करणाऱ्या बायका त्यासाठी रोज १४० मिनिटं देत होत्या, पुरुष ७४.

प्रौढाला किमान सात तास झोप लागते. पहाटे साडेपाचला नळाला पाणी येतं म्हणून उठणाऱ्या बाईला रात्री साडेदहाला अंथरुणाला पाठ टेकावी लागेल. ओटा आवरून, दही विरजून, मुलांचा अभ्यास घेऊन हे किती घरांत होतं? संध्याकाळी उशिरा घेतलेल्या चहा-कॉफीतलं कॅफीन निम्मं उतरायला साधारण पाच तास घेतं, म्हणून तो कप आधी हलवावा हे खरंच. पण झोपेची वेळ कपाने ठरत नाही, कामाने ठरते.

व्यायामाचा पुरावाही भक्कम आहे, आणि औषधाविना ताकद वाढवण्याच्या उपायांत मी त्याला पहिला मान देते. अमेरिकेतल्या जॉर्जिया विद्यापीठात सतत थकलेल्या, बैठं जीवन जगणाऱ्या ३६ तरुणांवर २००८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग झाला. सहा आठवडे, आठवड्यातून तीनदा, २० मिनिटं सायकल. मध्यम जोराने पायडल मारणाऱ्या गटाचा थकवा ४९ टक्क्यांनी कमी झाला आणि सावकाश पायडल मारणाऱ्यांचा ६५ टक्क्यांनी. उत्साह दोन्ही गटांत २० टक्क्यांनी वाढला. प्रयोग लहान आहे, पण सांगणं कामाचं आहे: थकलेल्या माणसाला सावकाश चालणं पुरतं, जिमची गरज नाही. घरकाम हाच व्यायाम, असं मात्र बाईला सांगू नये. ओट्याशी तासभर उभं राहून पाय भरून येतात. मोकळ्या हवेत, स्वतःच्या गतीने चालण्याने जे मिळतं ते त्यात नाही.

त्या प्रयोगाला आठवड्याची ६० मिनिटं लागली. घरकामातली रोजची २०१ मिनिटांची तफावत आठवड्याला १,४०७ मिनिटं होते. त्यातली ६० म्हणजे सव्वाचार टक्के: आठवड्यातून तीन संध्याकाळी कुकर दुसऱ्या कुणीतरी लावायचा आणि ती चालून येईपर्यंत तिला हाक मारायची नाही.